ड्रम एकट्याने शिकणाऱ्यांना परावृत्त करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला वाद्य शिकण्याविषयीचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण ड्रमच्या परिच्छेदात लेखकाने थेट निकालच देऊन टाकला आहे: शिक्षक मिळत नसेल तर या वाद्याच्या वाटेला जाऊच नये, कारण हाताला चुकीचं वळण लागतं आणि ते पुढे सुटत नाही. यातला उत्तरार्ध बराचसा खरा आहे. पूर्वार्ध मला मान्य नाही. तो वाचून कुणी हौसेने घेतलेल्या स्टिक्स कपाटात टाकू नयेत, म्हणून हे पत्र.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांची मनगटं, कोपरं आणि खांदे हाताळते. चाळिशी उलटल्यावर ड्रम शिकायला लागले आणि शिक्षकाविना शिकले, कारण शिकवणीच्या वेळा आणि माझ्या रुग्णांच्या वेळा कधी जुळल्याच नाहीत. आज एका हौशी बँडबरोबर वाजवते. गाणं सुरू झाल्यावर लय कुठे गेली म्हणून कुणाला माझ्याकडे वळून पाहावं लागत नाही, एवढं खात्रीने सांगू शकते.

चांगला शिक्षक नेमकं काय देतो, याचा मी खूप विचार केला आहे. माहिती आज कुणालाही मिळते, तिच्यासाठी शिक्षक लागत नाही. पण शिक्षक शेजारी उभा असतो आणि तुमचा खांदा वर चढला, मूठ आवळली गेली, लय पळाली की तिथल्या तिथे थांबवतो. एकट्याने शिकणाऱ्याला थांबवणारं कुणी नसतं. चूक होते, तशीच पुढे रेटली जाते, आणि शंभरदा केलेली गोष्ट हाताला बरोबर वाटायला लागते. स्वतःला वेळेवर थांबवता आलं, तर हात बिघडत नाहीत.

सुरुवात पकडीपासून करते, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक वादक तिथेच अडलेले असतात. स्टिक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा, बाकीची तीन बोटं तिच्याभोवती नुसती टेकवून ठेवा. आता स्टिक उचलून प्रॅक्टिस पॅडवर, म्हणजे सरावाच्या रबरी गादीवर, नुसती पडू द्या. मारू नका. ती आपली आपण उसळेल, ट, ट, टटटट करत थांबेल. मग पकड थोडी पुढे-मागे सरकवून पुन्हा पाडा. एका जागी ती सर्वांत जास्त वेळा उसळते. बहुतेक स्टिक्सची ही जागा मागच्या टोकापासून साधारण एकतृतीयांश अंतरावर असते. ती बोटांना ओळखू येईपर्यंत दुसरं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रमवर वेग येतो तो बराचसा या उसळीतून. डबल स्ट्रोकमध्ये, म्हणजे एकाच हाताच्या लागोपाठ दोन ठोक्यांत, मनगट एकदाच खाली येतं, दुसरा ठोका उसळीचा असतो आणि बोटं त्याला हलकासा रेटा देतात. जो दुसरा ठोकाही मनगटाने मारायला जातो, तो एका ठरावीक वेगापुढे जाऊ शकत नाही, कितीही वर्षं घासली तरी.

मूठ आवळली की काय होतं, ते हाताला हात लावून कळतं. उजव्या हाताने सावकाश ठोके द्या आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. दोन ठोक्यांच्या मधे तिथला स्नायू मऊ पडायला हवा. तो सतत टणक लागत असेल, तर मनगट खाली ओढणारे आणि वर उचलणारे स्नायू एकाच वेळी एकमेकांविरुद्ध ताणले जात आहेत. असा हात लवकर थकतो, आवाज कोंदट येतो आणि पुढे कोपराचं दुखणं मागे लागतं. शिक्षक डोळ्यांनी पाहतो ते तुम्ही असं बोटांनी पाहू शकता. पुढ्यात आरसा ठेवला तर खांद्यांकडेही लक्ष राहतं.

थकवा आणि दुखणं यांतला फरक मात्र प्रत्येकाला कळलाच पाहिजे. सराव संपल्यावर पूर्ण हात जड वाटणं ठीक आहे. अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या हाडावर एका ठिकाणी कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर त्या दिवशी स्टिक खाली ठेवायची. दुखण्यावर मात करून वाजवण्याचं कौतुक मला अजिबात नाही. चार दिवस विश्रांती घेऊनही कळ राहिली तर तपासून घ्यावं.

पायाकडे बहुतेक जण उशिरा वळतात. खरं तर आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो, तो पायामुळेच एका माणसाला वाजवता येतो. अमेरिकन ड्रमर आणि वाद्यनिर्माते विल्यम लुडविग यांनी बेस ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. चांगलं पेडल येण्याआधी एकच वादक बेस ड्रम आणि स्नेअर (पुढ्यातला छोटा, खरखरीत आवाजाचा ड्रम) असे दोन्ही वाजवायचा तेव्हा त्याला मोठ्या ड्रमवरचा ठोकाही हातातल्या काठीनेच द्यावा लागे. बैठकीची उंची अशी ठेवा की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. टाच टेकवून वाजवलं की नडगीच्या पुढचा स्नायू काम करतो. टाच उचलून वाजवलं की पूर्ण पायाचं वजन मिळतं आणि ठोका दणदणीत येतो. दोन्ही शिकावं, पण टाच टेकवून आधी, म्हणजे पेडल परत कसं येतं ते तळव्याला कळतं.

आता पहिला ठेका. तोंडाने मोजा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. उजवा हात हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर) आठही जागी. डावा हात स्नेअरवर दोन आणि चारला. उजवा पाय एक आणि तीनला. एवढा ठेका जमला की असंख्य गाण्यांना साथ करता येते. अवघड भाग त्यानंतर येतो. पाय तीनवरून काढून तीननंतरच्या ‘आणि’वर न्या. लगेच डावा हात पायामागे ओढला जातो, किंवा हाय-हॅटवरचा हात अडखळतो. यावर रेटून वाजवणं हा उपाय नाही. स्नेअर काढून टाका, फक्त उजवा हात आणि पाय ठेवा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टक-टक वाजणारं यंत्र) मिनिटाला पन्नास ठोक्यांवर आणा आणि मोजणी मोठ्याने चालू ठेवा. मोजणी थांबली की समजावं, मेंदूवर भार जास्त झालाय, वेग आणखी उतरवायचा. हे दोन अवयव शांत झाले की स्नेअर परत आणायचा. तोंडाने मोजण्याची लाज वाटते म्हणून लोक ते सोडतात. कृपा करून सोडू नका. शिक्षक नसताना चूक झाल्या क्षणी कळवणारी तेवढीच एक गोष्ट तुमच्याजवळ असते.

रूडिमेंट्सची, म्हणजे ठोक्यांच्या मूलभूत नमुन्यांची, मोठी यादी पाहून नवशिके घाबरतात. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेची १९८४ ची यादी चाळीसांची आहे. पहिले कित्येक महिने चार पुरतात: सिंगल स्ट्रोक (हात आलटून-पालटून एकेक ठोका), डबल स्ट्रोक, पॅराडिडल आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका ठोका). पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आठही ठोके एकसारखे ऐकू आले पाहिजेत, डोळे मिटून बसलेल्याला कुठला हात चालू आहे ते ओळखता येऊ नये.

मेट्रोनोमबद्दल एक आग्रहाने सांगते. संथ लय सोपी असते हा समज काढून टाका. मिनिटाला एकशेवीसला दोन ठोक्यांमधली जागा लहान असते. साठला ती दुप्पट होते, आणि त्या रिकाम्या जागेत हात घाई करतो. साठवर स्थिर राहायला लागलात की मेट्रोनोमचा ठोका फक्त दोन आणि चारला समजून वाजवा. पुढची पायरी म्हणजे काही आवर्तनं तो मुका करायचा आणि परत वाजेल तेव्हा आपण त्याच जागी आहोत का ते पाहायचं. मला लयीबद्दल सर्वांत जास्त याच सरावाने शिकवलं. फिल, म्हणजे ठेक्याच्या मधे भरायचा छोटा तुकडा, घेताना तर जवळपास प्रत्येक नवशिका पळतो: स्नेअरवरून टॉम या ड्रमकडे, टॉमवरून जमिनीवरच्या मोठ्या फ्लोअर टॉमकडे जाताना उत्साहाने वेग वाढतो आणि क्रॅशची झांज वेळेआधी वाजते. फिल वेगळा घोटू नये. तीन आवर्तनं ठेका, चौथ्यात फिल, आणि पुन्हा ठेक्याची पहिली मात्रा बरोबर जागेवर, असं अखंड घोटावं.

रेकॉर्डिंग रोज करा, मोबाइलवर झालं तरी चालेल, आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना आपलं लक्ष हातांकडे असतं, ऐकताना कानांकडे जातं. हाय-हॅट आणि बेस ड्रम एकाच क्षणी पडायला हवेत तिथे ‘ट-धप’ असे दोन आवाज ऐकू आले, तर त्या दिवसाचा सराव तोच. हात कोपऱ्यातून दिसेल असा व्हिडिओही अधूनमधून घ्या, स्लो मोशनमध्ये दोन्ही स्टिक्स सारख्या उंचीवर जातात का ते लख्ख दिसतं.

डावखुऱ्यांना एवढंच सांगेन की घाबरू नका. ‘बीटल्स’चे ड्रमर रिंगो स्टार डावखुरे आहेत आणि उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवतात. त्यांच्या फिल्सना जो वेगळाच डौल आहे, त्याचं श्रेय ते स्वतः याच गोष्टीला देतात. आणि शिक्षकाविना मोठा ड्रमर होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी अमेरिकन जॅझ ड्रमर बडी रिच यांचं नाव आठवावं. त्यांनी औपचारिक शिक्षण घेतलं नव्हतं, त्यांना स्वरलिपीही वाचता येत नव्हती. अर्थात ते लहानपणापासून रंगमंचावर, वादकांच्या गराड्यात वाढले. ‘निर्वाणा’ या रॉक बँडचे ड्रमर डेव्ह ग्रोल उशांवर वाजवत शिकले. उशी स्टिक परत देत नाही, त्यामुळे मनगटाला ताकद येते, पण उसळ शिकायला पॅडच हवं. म्हणून उशीचा सराव थोडाच ठेवावा.

आता ज्या गोष्टीचा त्या लेखात उल्लेखही नाही, तिच्याकडे येते. कान. बंद खोलीत जोरात वाजवलेल्या ड्रमसेटचा आवाज वादकाच्या कानापाशी शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास ही मर्यादा, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. हिशेब करून पाहा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो आवाज जास्त झाल्याचा इशारा आहे, सवय होईल म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. कापसाचे बोळे पुरत नाहीत. वादकांसाठी मिळणारे इअरप्लग घाला, ते सूर फारसे न बिघडवता आवाज उतरवतात. ड्रमच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून साध्या हेडफोनचा आवाज चढवत जाणं तर फारच वाईट. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तरी आवाजाची चावी तुमच्याच हातात असते, ती खाली ठेवा. त्याच्या पेडलचे दणके जमिनीतून खालच्या मजल्यावर जातात, तेव्हा सरावाच्या वेळा शेजाऱ्यांशी बोलून ठरवा.

लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं दुपटीने महत्त्वाचं. एकटं शिकणारं मूल कान दुखला तरी मजेत वाजवत राहतं. तिथे पालकांनी इअरप्लगशिवाय स्टिक हातात देऊ नये, भले रडारड होवो. बैठक आणि पकड पालकांना वाद्य येत नसतानाही तपासता येते, वर सांगितलेली स्नायूची परीक्षा कुणीही करू शकतं.

चांगला शिक्षक मिळाला तर जरूर जावं. दोन-तीन महिन्यांतून एकदा जरी कुणा जाणकाराला वाजवून दाखवता आलं, तरी खूप फरक पडतो आणि मीही ती संधी सोडत नाही. पण तो मिळेपर्यंत वाट पाहत बसायला सांगणं मला पटत नाही. लेखकाने इशारा दिला, तो योग्यच होता. त्याबरोबर काय करावं हेही चार ओळींत लिहिलं असतं, तर कितीतरी जणांना उपयोग झाला असता.

आपल्याला एकच विनंती आहे. पुरवणीत यापुढे ड्रम, ढोल किंवा कुठल्याही मोठ्या आवाजाच्या वाद्याबद्दल लेख येईल तेव्हा कानांच्या काळजीची चौकट त्याच्यासोबत छापावी. वर दिलेला डेसिबल आणि वेळेचा तक्ता त्यासाठी पुरेसा आहे.

आपली,
एक वाचक
(फिजिओथेरपिस्ट आणि हौशी ड्रमर)