लंडनहून अण्णाकाकांना: नाटकाच्या परवानगीची जुनी गोष्ट

लंडन

तीर्थस्वरूप अण्णाकाका यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, संहिता आधी तपासून घ्यायची ही पद्धत इंग्रजांच्या घरी तरी होती का? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

होती, आणि फार जुनी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात एडमंड टिल्नी हा दरबारी अधिकारी नाटकं तपासायचा. 'सर थॉमस मोर' या नाटकाचं हस्तलिखित इथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या समासात टिल्नीचा शेरा आहे: दंगल सगळी गाळा, तिचं कारणही गाळा, नाहीतर परिणाम तुमच्या माथी. ही दंगल होती १५१७ सालची, लंडनमधल्या परदेशी लोकांविरुद्धची. दंगलखोरांना समजावणारं मोरचं भाषण शेक्सपिअरच्या हातचं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'उद्या तुम्हालाच परक्या देशात आसरा मागावा लागला तर?' असा त्याचा आशय. मी इथे परकीच आहे, काका. ते वाचून मला भरून आलं.

खरा कायदा मात्र १७३७ सालचा, आणि तो झाला एका पंतप्रधानाच्या रागातून. हेन्री फील्डिंग हेमार्केटच्या छोट्या थिएटरात रॉबर्ट वॉलपोलच्या भ्रष्टाचाराचे वाभाडे काढत होता. वॉलपोलने एका बीभत्स नाटकातले उतारे संसदेत वाचून दाखवले आणि घाईघाईने कायदा करून घेतला. नवं नाटक प्रयोगाच्या दोन आठवडे आधी लॉर्ड चेंबरलेन या राजवाड्यातल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. त्याने नकार दिला तर कारण विचारायची सोय नाही. परवानगीशिवाय प्रयोग केला तर ५० पौंड दंड. फील्डिंग तेव्हा जेमतेम तिशीचा. रंगभूमी सोडून तो वकिलीकडे वळला, पुढे मोठा कादंबरीकार झाला. लोक म्हणतात, कादंबरीचं भलं झालं. माझा जीव त्याने न लिहिलेल्या नाटकांसाठी तुटतो.

दोनच वर्षांनी हेन्री ब्रूकचं 'गुस्तावस वासा' तालमी चालू असतानाच अडवलं. कथा जुन्या स्वीडनची, पण त्यातल्या दुष्ट मंत्र्यात सगळ्यांना वॉलपोल दिसला. आपल्याला हे सांगायला नको! खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षागृहातल्या पोरासोरांनाही कळत होतं, म्हणून तर १९१० साली त्यावर बंदी आली. हिंदुस्थानासाठी सरकारने १८७६ सालीच नाट्यप्रयोगांचा वेगळा कायदा करून ठेवला होता. ब्रूकचं नाटक निदान छापता तरी आलं, कारण तिथला कायदा फक्त प्रयोगावर होता. वर्गणीदारांनी पुस्तक उचलून धरलं आणि त्याला चांगले पैसे मिळाले.

एका मंत्र्याला झोंबलं म्हणून आलेली ही पद्धत सुटायला १९६८ साल उजाडलं. २३१ वर्षं! वॉलपोलला जाऊनही तेव्हा सव्वादोनशे वर्षं होत आली होती. मला याचाच संताप येतो. माणूस जातो, त्याचा राग कायद्याच्या रूपाने मागे राहतो, आणि ज्यांनी त्याचं तोंडही पाहिलं नाही अशा लेखकांच्या ओळी खोडत बसतो.

'कीचकवध' पुन्हा सबंध वाचायचं मनात आहे. दिवाळीनंतर दादा इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर तुमची प्रत पाठवाल का? जपून वापरेन. काकूंना नमस्कार, छोट्यांना गोड पापा.

तुमची,
मनू