बेकी शार्प आणि तुझी नवी मॅनेजर

प्रिय मित्रा,

बेकी शार्प म्हणजे सरळसरळ खलनायिका असं तू फोनवर म्हणालास ना, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर', तिचीच ती कादंबरी, परत वाचायला घेतली.

ती खोटं बोलते, नवऱ्याला फसवते, सगळं मान्य. तो मुलाचा प्रसंग तर मला वाचवत नाही, आईचं गाणं ऐकायला पोरगं गुपचूप जिन्यातून खाली येतं आणि ही त्याच्या कानाखाली वाजवते! तिथे मी तिची बाजू घेणार नाही. पण तिच्याकडे होतं काय रे? आईबाप नाहीत, पैसा नाही, श्रीमंतांच्या घरी राहून पोरांना शिकवायची गव्हर्नेसची नोकरी नाहीतर लग्न, बस. आणि लग्न झालं की तेव्हाच्या इंग्लंडात बायकोची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची, ते बदलायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले. नवरा रॉडन जुगारात लोकांना लुबाडतो, उधाऱ्या बुडवतो, तरी शेवटी आपल्याला त्याची दयाच येते, बेकीची मात्र येत नाही. हे मला फार लागतं.

41 वं प्रकरण परत बघ. वर्षाला पाच हजार पौंड असते तर मीही चांगली बाई झाले असते असं ती मनाशी म्हणते, आणि कुणी सांगावं, तिचं खरंही असेल, असं थॅकरे स्वतः लिहितो, 1848 च्या आसपासचा पुरुष लेखक! आणि तुझी ती सोज्वळ अमेलिया, बेकीची शाळेतली मैत्रीण, मेलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षं पूजा करते, तिच्यावर जीव लावून बसलेला बिचारा डॉबिन ताटकळत राहतो, आणि त्या नवऱ्याने बेकीला लिहिलेली चिठ्ठी दाखवून तिचे डोळे उघडतं कोण तर बेकीच. शेवटी लेखक अमेलियाला झाडाला बिलगलेलं बांडगूळ म्हणतो, म्हणजे चांगल्या बाईलाही त्याने सोडलं नाहीये.

आता स्पष्टच विचारते, राग मानू नकोस. तुझ्या ऑफिसातल्या नव्या मॅनेजरबद्दल तू म्हणालास की ती फार चालू आहे, साहेबांना बरोबर हाताशी धरून वर गेली. तेच तुझ्या आधीच्या बॉसने केलं तेव्हा तू त्याच्या कॉन्टॅक्ट्सचं कौतुक करत होतास, मला चांगलं आठवतंय. तिने नक्की काय केलं, कुणाचं नुकसान केलं, अशी एक तरी खरी गोष्ट मला लिहून कळव. असेल तर मी ऐकीन.

तुझीच,
मैत्रीण