पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खानापूरलाही पाठवा

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

महोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र बोलायला अडखळणाऱ्या ज्या मुलांच्या आयांबद्दल आहे त्यांनाही ते वाचता यावं, म्हणून मराठीत लिहिते आहे. कन्नड प्रत आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने वेगळी पाठवली आहे.

मी पंधरा वर्षं बेळगावात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. माहेर खानापूर तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत दोन्ही, अशी मी वाढले आणि इथली पुष्कळ मुलं अजून तशीच वाढतात. माझ्याकडे अधूनमधून बीएएसएलपीचे, म्हणजे वाचा आणि श्रवण उपचारांच्या पदवीचे, विद्यार्थी सेशन बघायला येतात. गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती, राज्याच्या दक्षिण भागातली, हुशार आणि मन लावून काम करणारी. समोर जांबोटीच्या पुढच्या एका गावातला चार वर्षांचा मुलगा बसला होता. मी चित्रांची कार्डं एकेक करून दाखवत होते. बैलगाडीचं चाक आलं. मुलगा म्हणाला, "चात."

तिने वहीत दोन चुका लिहिल्या. 'क'च्या जागी 'त' येतो, आणि 'च' सदोष आहे, जीभ दातांकडे सरकते. पहिली नोंद अगदी बरोबर होती, त्याचसाठी त्याला आणलं होतं. दुसरी चूक मुळात नव्हतीच. मराठीत 'च' दोन आहेत. आकडा चार म्हणताना जीभ टाळूला लागते, बैलाला घालायचा चारा म्हणताना ती दातांच्या मागे जाते. अक्षर एकच, म्हणून कागदावर हा फरक दिसत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. तिने तोवर जेवढी सेशन बघितली होती ती सगळी कन्नडमधली आणि इंग्रजीतली. तिला हा 'च' कुणी ऐकवलाच नव्हता, तर तिचा दोष काय?

पण ती नोंद तशीच पुढे गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा. धड बोलता येणारा एक आवाज 'सुधारण्यात' महिने गेले असते. घरी आईने त्याला प्रत्येक 'चाका'ला टोकलं असतं. आणि खरी अडचण, तो 'क', मागे राहिला असता.

हे फक्त कन्नड घरातल्या विद्यार्थ्यांचं होतं असं मुळीच नाही. मराठी माध्यमात शिकून आलेल्या एका विद्यार्थ्याने माझ्याच खोलीत एका सहा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं, 'लिंगाचा गोंधळ आहे, स्वतःबद्दल मी आलो, मी जातो म्हणते.' महोदय, आमच्याकडे बायका असंच बोलतात. माझी आई आयुष्यभर 'मी आलो' म्हणत आली. पुस्तकातली मराठी येणं इथे पुरत नाही, इथली मराठी इथे बसूनच ऐकावी लागते.

या विद्येत पहिला धडा बघण्याचा असतो. चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पण सुरुवातीला विद्यार्थी कुणावर उपचार करत नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर किंवा एकतर्फी काचेमागे बसतो आणि लिहितो. मूल कुणाचा हात धरून आत आलं. मागून दार आपटलं तेव्हा वळून बघितलं का. विचारलं मुलाला आणि उत्तर आईने दिलं, असं किती वेळा झालं. दहा वेळा कार्ड दाखवलं तर किती वेळा आपणहून सांगितलं, किती वेळा पहिला आवाज सुचवावा लागला. 'मूल हट्टी आहे' असं वहीत लिहिलं की मी ते खोडायला लावते. 'तीन वेळा कार्ड ढकललं' असं लिही म्हणते. डोळ्यांना दिसलं ते एका बाजूला, आपल्याला वाटलं ते दुसऱ्या बाजूला, ही सवय पहिल्या वर्षी लागली नाही तर पुढे लागत नाही.

सगळ्यात अवघड असतं ते थांबणं बघणं. मी चेंडू हातात धरते, मुलाकडे बघते आणि गप्प राहते. पाच सेकंद, आठ, दहा. नव्या विद्यार्थ्याला वाटतं बाई विसरल्या. आईला राहवत नाही, ती म्हणते, "अरे सांग की, बॉल!" पण त्या दहा सेकंदांतच मूल ओठ जुळवतं. एखाद्या दिवशी 'ब' येतो, एखाद्या दिवशी नुसतीच हवा. ती हवासुद्धा वहीत लिहायची असते. यानंतर कधीतरी लेसन प्लॅन लिहिणं येतं, सुपरवायझरच्या नजरेखाली स्वतः दहा मिनिटं सेशन घेणं येतं. ते सगळं या ऐकण्यावर उभं असतं.

मोठ्या माणसांचंही तसंच. लकवा मारल्यावर एका आजोबांची वाचा गेली होती. पाणी मागता येत नव्हतं, मुलाचं नाव सांगता येत नव्हतं. पण घंटा वाजली की आरती सबंध म्हणायचे. अशी पाठ असलेली वाणी पुष्कळदा शाबूत राहते, ते बोलणं परत आल्याचं लक्षण नसतं. मराठी न कळणारा विद्यार्थी काचेमागे बसला असता तर त्याने काय लिहिलं असतं? 'अस्खलित बोलतात.'

आता जे मनात सलतं ते सांगते. कणकुंबीच्या बाजूची एक आई तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आली. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं होतं, "बापही उशिराच बोलला होता" हे ऐकून झालं होतं. नंतर तिने लांबच्या शहरातलं एक मोठं रुग्णालय गाठलं होतं. तिथून मिळालेला घरी करायच्या सरावाचा कागद तिने रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. चार महिने. घडीही मोडली नव्हती. कागद इंग्रजीत होता आणि घरात तो वाचणारं कुणी नव्हतं. तोंडी एवढंच सांगितलं होतं की मूल गोंधळतंय, घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. त्या बाईला मराठीशिवाय दुसरी भाषा धड येत नाही. तिने काय केलं असेल? ती मुलीशी बोलायचीच थांबली. अंगाई बंद, भाकरी थापताना चालायची ती बडबड बंद.

दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं असं नाही, हे आमच्या शास्त्रात स्थिरावलेलं आहे. भाषेचा खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून तपासणी दोन्हींत करावी लागते. त्या मुलीचे शब्द आम्ही नुसत्या कन्नडमध्ये मोजले तेव्हा ती फारच मागे दिसली. आईला शेजारी बसवून "नीर, आई, माऊ, दे, नको" असे दोन्हींकडचे शब्द एकत्र लिहिले तेव्हा ती थोडीच मागे होती. उपचार तिलाही लागलेच, पण वेगळे.

कायद्याची बाजू आपण माझ्याहून जास्त जाणता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि उशिरा बोलणारी मुलं शोधतात. शोधलेलं मूल पुढे ज्याच्यासमोर बसतं त्याला त्याची भाषा ऐकू यायला हवी ना? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, असं घटनेचं कलम 350-अ सांगतं. बोलणंच न आलेलं मूल तर त्या शाळेच्या दारापर्यंतही पोहोचत नाही.

म्हणून मागते ते एवढंच. राज्यातल्या वाक्-श्रवण कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या निरीक्षणाच्या तासांपैकी निदान पंधरा दिवस बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत जावेत. धारवाडच्या कॉलेजातून बेळगाव बसने दोन तासांच्या आसपास, तिथल्या मुलांना हे मुळीच कठीण नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था केंद्राची आहे, तिला आपण आदेश देऊ शकत नाही. विनंतीचं पत्र मात्र जाऊ शकतं. तालुका रुग्णालयं आरोग्य खात्याकडे येतात, म्हणून हेच पत्र आरोग्यमंत्र्यांनाही धाडते आहे. केस हिस्ट्रीचा फॉर्म आणि घरच्या सरावाचा कागद कन्नडबरोबर मराठीत छापावा, मजकूर मी आणि माझे सहकारी विनामोबदला करून देऊ. आणि विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्यांत इथली मराठी समजणारा एक तरी पात्र थेरपिस्ट असावा.

तसा माणूस मिळेपर्यंत दुभाषा वापरावाच लागेल. त्याला शिकवावं लागेल की मूल जसं बोललं तसंच सांग. आता शेजारच्या वॉर्डातून कुणाला तरी बोलावतात, मूल म्हणतं "तावला", आणि ते प्रेमाने सांगतात, "कावळा म्हणाला." दोष तिथेच पुसला जातो.

सीमाप्रश्नाशी या पत्राचा संबंध जोडला जाईल याची भीती वाटते, म्हणून स्पष्ट सांगते. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी हीच मागणी मी महाराष्ट्राच्या मंत्र्यांकडेही करेन. माझ्या खोलीत निम्मी मुलं कन्नड बोलतात आणि त्यांच्याशी मी कन्नडच बोलते.

हिवाळी अधिवेशनाला आपण इथे बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल. एका सकाळी माझ्याकडे बसायला या. जांबोटीकडचा तो मुलगा बुधवारी दहाला येतो, पहिली बस चुकली तर अकराला. पाहुणा बसवायचा तर त्याच्या आईची परवानगी लागते, ती मी आधी विचारून ठेवेन. खुर्ची दाराजवळच्या कोपऱ्यात असते. पाऊण तास फोन बंद ठेवावा लागेल आणि मी गप्प राहिले तर आपणही गप्प राहायचं. 'क' अजून आलेला नाही, पण गेल्या बुधवारी त्याने जीभ मागे नेली होती.

आपली नम्र,
एक स्पीच थेरपिस्ट, बेळगाव