परदेशी निघालेल्या आईवडिलांना बँकेने एवढं तरी सांगावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली, खेड, मंडणगड आणि खाडीपलीकडचं श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात कुणी ना कुणी मस्कत, दुबई, कुवेतला नाही अशी वाडी शोधावी लागेल. अलीकडे कॅनडा आणि इंग्लंडची भर पडली आहे. सुनेचं बाळंतपण, नातवंडांची ओढ, यासाठी इथले आईवडील तिकडे जाऊन-येऊन असतात. मी सहकारी बँकेत रोखपाल होते. निवृत्त झाले तरी निघणारी मंडळी पैशाचं विचारायला अजून आमच्या पडवीत येऊन बसतात, म्हणून हे पत्र.

शेजारच्या वहिनी निवृत्त शिक्षिका. पेन्शन स्वतःचं, खातं स्वतःचं. मस्कतला रुवीच्या बाजारात नातीसाठी सोन्याच्या बिंदल्या घ्यायच्या म्हणून त्यांनी पेन्शनमधून पैसे बाजूला टाकले होते. दुकानात कार्ड चालेना. जवळच्या एटीएमवरही तेच. शेवटी सुनेने पैसे भरले. खात्यात रक्कम असताना या बाईंना सुनेच्या तोंडाकडे बघावं लागलं, हे मला फार लागलं.

आधीच्या खेपेला तिथेच कार्ड चाललं होतं. मधल्या काळात मुदत संपली म्हणून बँकेने ते बदलून दिलं, आणि गोम तिथेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालतं. परदेशातला वापर खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यायचा असतो. नियम चांगला आहे, त्याने फसवणुकीला आळा बसतो. पण कार्डाचं पाकीट हातात देताना वहिनींना हे कुणी सांगितलं नाही. परत आल्यावर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘पाकिटातल्या पत्रकात लिहिलेलं असतं.’ ते पत्रक मी पाहिलं. सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅनडा-इंग्लंडच्या व्हिसासाठी शिक्का मारलेलं स्टेटमेंट लागतं, ते न्यायला माणूस शाखेत येतोच. आखातात जाणारेही निघण्याआधी पासबुक भरून घेतात. त्या वेळी खिडकीवरच्या माणसाने ‘बाहेर चाललात का? कार्ड तिकडे सुरू केलंत का?’ असं विचारायला अर्धं मिनिट लागतं. कार्ड कुठलं आहे तेही तिथेच बघता येईल. आपल्याकडे पुष्कळांकडे साधं रुपे कार्ड असतं आणि ते बहुतेक देशांत चालत नाही. मोबाईलचंही तसंच. मासळीबाजारात कोळणीकडे क्यूआर कोड चालतो, म्हणून तो जगभर चालेल असं लोक धरून चालतात. यूपीआय सिंगापूर, अमिरात, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा मोजक्या देशांत, तेही ठरावीक ठिकाणी चालतं, आणि त्यासाठी ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात. शिवाय इथलं सिम काढून घरी ठेवून गेलं की ओटीपीची वाट बघत बसावं लागतं.

मशिन एक प्रश्न विचारतं, त्याबद्दल तर जरूर सांगायला हवं. तिकडे कार्ड घातलं की पडद्यावर येतं, रक्कम रुपयांत घेऊ की रियालमध्ये? आपली माणसं ओळखीचं म्हणून रुपयांवर बोट ठेवतात. तसं केलं की दर तिकडचा व्यापारी किंवा एटीएमवाला लावतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. नेहमी तिथल्याच चलनावर बोट ठेवावं. ओमानात आणखी एक गोष्ट आहे. तिथे रियालचे हजार बैसा होतात, म्हणून बिलावर दशांशचिन्हापुढे तीन आकडे येतात. १.२५० म्हणजे एक रियाल अडीचशे बैसा. एक रियाल दोनशे रुपयांहून जास्त आहे, हे डोक्यात असलं की भाजी घेतानाही हिशेब चुकत नाही.

रोख नेणाऱ्यांसाठी थोडं. आखातात किंवा कॅनडा-इंग्लंडला जाताना एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डावर, घ्यावी. परतीच्या रिक्षासाठी भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात. उरलेल्या परकीय नोटा परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे द्यायच्या. २,००० डॉलरपर्यंत ठेवून घेतल्या तरी चालतं. विमानतळावर ऐन वेळी नोटा घेऊ नयेत, तिथला दर बहुधा महाग असतो.

हे सगळं एका पानावर मावतं. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या अग्रणी बँकेने ते मोठ्या अक्षरांत, मराठीत छापून रत्नागिरी आणि रायगडच्या प्रत्येक शाखेत ठेवावं. आर्थिक साक्षरता केंद्रांनी ज्येष्ठ नागरिक संघांत जाऊन एकदा कार्ड सुरू करून दाखवावं. गणपती आटोपले की आमच्याकडे विमानाची तिकिटं काढण्याची लगबग सुरू होते, त्याआधी हा कागद खिडकीवर असावा.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, दापोली