अण्णांच्या खुर्चीमागे

प्रिय बाळ्या,

दोन महिने तुला पत्र नाही. तब्येत ठीक. राग आलाय तुझा, म्हणून लिहायला बसलो. फोन मुद्दाम केला नाही. बराकीत दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर खाटा. जोरात बोललं की सगळ्यांना ऐकू जातं आणि हळू आवाजात मला भांडता येत नाही.

रविवारी कपडे धुऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. अण्णा खुर्चीत. तीन आठवडे खुर्चीतच दिसतायत. हा माणूस फोनवर कधी एका जागी बसलाय का? गोठा दाखव, विहीर दाखव, चालत चालत बोलायचे. आईनं फोन हातात घेतला तेव्हा तो जरा खाली झुकला आणि खुर्चीमागे पांढऱ्या नळीचा एक पाय दिसला, टोकाला काळं रबर. "ते काय गं?" आई म्हणाली, "छत्री." पाऊस जाऊन दोन महिने झाले, बाळ्या!

धाकटीला वेगळा फोन केला. ती रडली आणि सगळं बोलली. बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यात चार रात्री तू झोपलास. त्याच चार दिवसांत तू मला रोज 'शुभ सकाळ' पाठवत होतास. मी परत उघडून बघितलं. चारही आहेत.

सोमवारी संध्याकाळच्या गिनतीला माझं नाव दोनदा पुकारावं लागलं. सुभेदार साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं. ऐकून म्हणाले, पूर्वी सुट्टी मिळावी म्हणून गावाकडून 'मदर सीरियस'च्या खोट्या तारा यायच्या, आता खरं घडलं तरी कळवत नाहीत. देशातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मी त्याच वर्षी बेळगावला, मराठा सेंटरला दाखल झालो. खोटी तार माझ्या वाट्याला आलीच नाही, आणि खरी बातमी तुम्ही दाबलीत.

त्या रात्री दोन ते चार संत्री ड्युटी होती. तुझ्यावर मनातल्या मनात ओरडत उभा होतो आणि सियाचीन आठवलं. तीन महिने वर पोस्टवर होतो. आईला काय सांगून गेलो होतो? लेहला स्टोअरमध्ये बसून हिशेब लिहितो, हीटर आहे. खरं फक्त तुला ठाऊक होतं. तिनं रस्त्यात गाठून विचारलं तेव्हा तूच तिला म्हणालास, "काकू, मजेत आहे तो." तेव्हा तू मला देव वाटलास. म्हणून तुला शिव्या देताना जीभ अडखळते.

पण सलतंय ते दुसरंच आहे. भरतीच्या सोळाशे मीटरला शेवटच्या फेरीपर्यंत तू माझ्या पुढे होतास. मेडिकलला गुडघे जुळतात म्हणून तुला काढलं. सहा महिने बोलला नाहीस, आणि बोललास तेव्हा म्हणालास, "माझी वर्दी तू नेलीस." मला फार लागलं होतं ते. आता अण्णांना आधार देऊन संडासला कोणी नेलं, हे धाकटीनं सांगितलं तेव्हा माझ्याही तोंडात तसंच काहीतरी आलं. ते काम माझं होतं रे.

नोकरीची पंधरा वर्षं पुरी व्हायला २०२८ उजाडेल. तोवर आणखी काय काय खुर्चीमागे लपवणार आहात? आईच्या गुडघ्यांचं खरं काय ते लिही. विहिरीच्या मोटारीचं पण. आजपासून तू मला खरं सांगायचंस, मी वर असलो तरी. माझं घरी काय सांगायचं, ते आपण दोघं ठरवू.

वार्षिक रजेचे साठ दिवस संपले, पण कॅज्युअल रजेपैकी वीस शिल्लक आहेत. दहाचा अर्ज दिलाय, साहेब नाही म्हणणार नाहीत.

वहिनींची तारीख जवळ आली ना? ट्रॅक्टरचा हप्ता सुटला का? तुझ्या आईला नमस्कार. भेटल्यावर सविस्तर बोलू.

आणि हे ऐक. न कळवता येऊन दारात उभा राहणार होतो, पण नको. मला बघून अण्णा वॉकरशिवाय उठायला जातील. आदल्या संध्याकाळी तू जाऊन सांग, याला सगळं कळलंय आणि तो उद्या येतोय. सकाळी त्यांची दाढी करून दे. दाढी वाढलेली असली की ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तुझाच,
फौजी