गवतावरून उडण्याआधी

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र काल मिळालं. इंग्लंडात स्थिरावलास आणि शेतातल्या स्ट्रिपवरच्या, म्हणजे गवताच्या छोट्या धावपट्टीवरच्या, सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाच्या मालकीत हिस्साही घेतलास, वाचून फार आनंद झाला. पण "स्ट्रिप ६०० मीटर आहे, १५२ ला रग्गड झाली" या तुझ्या वाक्यापाशी अडलो, आणि रात्रीच लिहायला बसलो.

तू शिकलास गोंदियाला. तिथे पक्की, दोन किलोमीटरांहून लांब धावपट्टी. तिथे टेक-ऑफचा हिशोब परीक्षेपुरता करायचा असतो. इथे तो दर वेळी करायचा, कागदावर.

विमानाच्या पुस्तकात समुद्रसपाटी, १५ अंश, पूर्ण वजन, वारा नाही आणि कोरडी पक्की धावपट्टी धरून ५० फूट उंची गाठेपर्यंतचं अंतर १,३४० फूट दिलंय, म्हणजे सुमारे ४१० मीटर. हे कोऱ्या विमानाचं आणि कसलेल्या वैमानिकाचं. इथलं विमान प्राधिकरण सांगतं, गवत कोरडं असेल तर १.२ ने गुणा, ओलं असेल तर १.३ ने, आणि वर सुरक्षिततेचे १.३३. बेरीज नाही रे, गुणाकार! कोरड्या गवतावर ६५४ मीटर होतात, ओल्यावर ७०९. तुझे ६०० कुठे राहिले? जमीन भुसभुशीत असेल, चढ असेल, पाठीवर वारा असेल, तर आकडा आणखी फुगतो.

यातून वाट आहे ती वजनाची. वजन दहा टक्के वाढलं की टेक-ऑफचं अंतर वीस टक्के वाढतं. उलटं धरलं तर दहा टक्के उतरवल्यावर तुझे ६५४ साधारण ५४५ वर येतात. १५२ चे दहा टक्के म्हणजे ७६ किलो, म्हणजे शेजारी बसलेला माणूस. म्हणून सुरुवातीचे दिवस एकटाच उड, समोरून वारा असताना, गवत वाळल्यावर.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या सप्टेंबरात सकाळी लवकर निघालो होतो, शेजारी एक जण, टाकी भरलेली. दव पडलेलं. "पाऊस कुठे झालाय" म्हणून मी कोरड्याचा आकडा धरला. आमच्या स्ट्रिपच्या बरोबर मध्यावर कडेला पांढरा रंग दिलेला टायर ठेवलाय. तिथे पोचेपर्यंत उडण्याच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग हवा, म्हणजे ५० नॉटला (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) उचलणार असलास तर ३५. टायर मागे गेला तेव्हा काटा जेमतेम २९ वर होता. थ्रॉटल ओढून इंजिनाची ताकद काढली, ब्रेक दाबले, तर चाकं जॅम झाली आणि विमान नुसतं घसरत राहिलं. थांबलो तेव्हा समोरच्या कुंपणावरच्या हॉथॉर्नची लाल फळं एक एक मोजता येत होती. परत चालत येताना गवतात दोन काळपट पट्टे दिसले, आणि चाकांवरच्या झाकणांत ओलं गवत ठासून भरलेलं. तो टायर नसता तर मी "अजून थोडं, अजून थोडं" करत पुढे गेलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा आधी असा एक टायर ठेव. दर वेळी स्ट्रिप चालून बघ, सशांची बिळं, मोलने (जमिनीखाली बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्याने) उकरलेले मातीचे ढिगारे, गवत घोट्यापर्यंत आलंय का. धाव घेताना योक, म्हणजे हातातलं सुकाणू, मागे धर, नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, गवतात रुतू देऊ नकोस. चाकं सुटली की लगेच चढायला जाऊ नकोस. जमिनीलगत हवेची जी उशी मिळते तिच्यावर वेग वाढू दे, मग ५४ नॉटने चढ. आणि गवतावर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवताना, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) उगाच ओढून ठेवू नकोस, ती हवा फिल्टरमधून येत नाही.

उतरणं त्याहून नाजूक. पुस्तकातले १,२०० फूट कोरड्या गवताच्या १.१५ ने आणि सुरक्षिततेच्या १.४३ ने गुण, ६०० मीटर तिथेच संपतात. म्हणून उतरायला येताना ५४ नॉट म्हणजे ५४. कुंपणावरून ६० ने आलास तर थांबण्यासाठी जिरवायची ऊर्जा जवळजवळ पावपट वाढते, आणि ओल्या गवतावर ब्रेकचा भरवसा नाही. टेकायची जागा आधी ठरव. तिथे चाकं टेकत नाहीत असं दिसलं की पुरा थ्रॉटल आणि पुन्हा फेरी. तिथे विचार करत बसायचं नाही.

पुढच्या शनिवारी मी येतोच. आठला नको, अकराला भेटू, दव वाळलेलं असेल. गमबूट घाल, आधी दोघं मिळून स्ट्रिप पायांनी मोजू. आणि वहिनींना सांग, जेवायला पिठलं-भाकरीच हवी.

तुझाच,
दादू