भोसरीच्या काकांना, मिशिगनहून

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

माझ्या जुन्या गाडीत तुम्ही नवं इंजिन बसवून दिलंत, त्याबद्दल फोनवर मी आभाराचा विषय काढला की तुम्ही "तेल गळत नाही ना?" असं विचारता आणि बोलणं तिकडेच वळवता. तीनदा असं झालं. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते पाळलं आहे. बाकी मात्र सगळं लिहिणार आहे.

2024 च्या एप्रिलअखेर तुम्ही आणि काकू लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलात. माझं घर तिथून चार घरं सोडून. गॅरेजचं दार उघडं असायचं आणि आत बिनइंजिनाची 1966 ची शेवरोले शेव्हेल. संध्याकाळी फिरायला निघालात की तुम्ही रस्त्यावर थांबून बघायचात. चौथ्या दिवशी विचारलंत, "स्टँडवर आहे का नुसत्या जॅकवर?" जॅकवर होती. मी स्टँड लावेपर्यंत तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत, आणि मलाही गाडीखालून बाहेर यायला लावलंत.

त्या गाडीचं मूळ इंजिन 283 घन इंचांचं, म्हणजे 4.6 लिटरचं व्ही-8. आधीच्या मालकाने त्यात नुसतं पाणी ठेवलं होतं. मिशिगनच्या थंडीत ते गोठलं आणि ब्लॉक तडकला. त्याच्या जागी मी भंगारच्या यार्डातून 2002 च्या सिल्व्हरॅडो ट्रकचं 5.3 लिटरचं इंजिन आणलं होतं. फ्युएल इंजेक्शन, 285 अश्वशक्ती, आणि सोबत चार गिअरची ऑटोमॅटिक पेटी. गाडीच्या जुन्या पॉवरग्लाइड पेटीला दोनच गिअर. हायवेवर इंजिन सतत ओरडत राहायचं. नव्या पेटीचा चौथा गिअर 0.70 चा, त्यामुळे इंजिन शांत फिरतं. इथपर्यंतचा हिशेब मी कागदावर नीट केला होता. पण ते इंजिन गाडीच्या त्या लोखंडी चौकटीत (चासीत) बसवायचं कसं, हे मला येत नव्हतं, आणि येत नाही हेही अजून कळलं नव्हतं.

इंजिन चौकटीला जोडणाऱ्या प्लेटची तयार जोडी मी विकत घेतली होती. ती लावून इंजिन खाली सोडलं तर ट्रकचा एसीचा कॉम्प्रेसर चौकटीला अडला, आणि तेलाचं पॅन आडव्या दांड्याच्या खाली लोंबायला लागलं. मी ग्राइंडर हातात घेऊन चौकट कापायला निघालो होतो. तुम्ही ग्राइंडरची वायर काढलीत आणि म्हणालात, "आधी इंजिन कुठे हवंय ते ठरव. प्लेट नंतर."

मग चार दिवस आम्ही फक्त मापं घेतली. पॅन उथळ मिळतं, ते मागवलं. कॉम्प्रेसर सध्या काढून ठेवला. हॉइस्टला टांगलेलं इंजिन आणि गिअरबॉक्स, मिळून 300 किलोच्या आसपास वजन, तुम्ही मला पाव पाव इंचाने मागेपुढे करायला लावलंत. दर वेळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि मागचा दांडा पॅनला कुठे लागत नाही ना ते बघायचं. जागा ठरल्यावर सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पहिली प्लेट केलीत. ती बसली. मग प्लायवूडची. तीही बसली. तेव्हा कुठे 10 मिलिमीटर जाडीच्या पोलादाला हात लावलात. स्क्राइबरने रेघा, सेंटर पंच, आधी 6 चं ड्रिल, मग मोठं, आणि प्रत्येक भोकाची कड कानशीने मारून. मी घड्याळाकडे बघत होतो, हे तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. आठही बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेले, पाना लागला तो फक्त आवळायला. असं काम मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

बोल्टवरून आठवलं. जुन्या गाडीचे आटे इंचातले, नव्या इंजिनाचे मिलिमीटरमधले. ब्लॉकमधलं एक भोक एम-10, म्हणजे 10 मिलिमीटर व्यासाचं, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर. माझ्या हातात होता तीन अष्टमांश इंचाचा जुना बोल्ट. दोन्हींच्या व्यासात अर्धा मिलिमीटरही फरक नाही. तो आत शिरला, थोडा ढिला वाटला, मी पाना लावणार तोच तुम्ही मनगट धरलंत. पिच वेगळा. आणखी दोन फेरे दिले असते तर ब्लॉकमधले आटे गेले असते. त्या संध्याकाळी काकूंनी श्रीखंडाचे रिकामे डबे दिले आणि तुम्ही गॅरेजमधला एकूणएक बोल्ट निवडून "इंच" आणि "मिमी" असे वेगळे केलेत. ते डबे अजून तिथेच आहेत.

मिशिगनमध्ये गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी होत नाही, हे मी तुम्हाला सहज सांगितलं. तुम्ही काम थांबवलंत. "मग चूक पकडणार कोण?" असं विचारलंत आणि इंजिन बाजूला ठेवून ब्रेक उघडायला लावलेत. 1966 च्या या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकचं तेल नळ्यांत दाबणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत दोन कप्प्यांचे सिलिंडर सगळ्या नव्या गाड्यांत आले ते 1967 च्या मॉडेलपासून, म्हणजे माझी गाडी त्या बदलाच्या एक वर्ष आधीची. आम्ही दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवला, पुढे डिस्क लावल्या, लोखंडी नळ्या सगळ्या नव्या टाकल्या. तीन आठवडे गेले. माझी दोन लहान मुलं त्या गाडीत मागे बसतात, काका. त्या तीन आठवड्यांसाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचं गणित तुम्ही मला फरशीवर खडूने शिकवलंत. नवी पेटी लांब, म्हणून शाफ्ट आखूड करून आणावा लागला, ते सोपं होतं. अवघड होता तो कोन. शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, वाकडा फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित हळू होतो. मागच्या टोकाचा जॉइंट तेवढ्याच कोनात असेल तर तो फरक तिथे फिटतो. गिअरबॉक्सची रेषा आणि मागच्या डिफरन्शियलची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, एवढंच. आणि हे माप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्यायचं, अॅक्सल लोंबकळत असताना नाही. पुढे तीन अंश खाली, मागे तीन अंश वर. मी इंजिनिअर आहे, हा जॉइंट मी परीक्षेसाठी पाठ केला होता. समजला त्या दिवशी.

सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर इंजिन पहिल्यांदा चालू केलं. सुरू झालं, दोन सेकंदांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वायरिंग माझं होतं, कारण माझी नोकरीच त्यातली, त्यामुळे मी पंपावर संशय घेतला. पंप बदलला. पेट्रोलचा दाब बरोबर 58 पीएसआय. तरी तेच. दोन शनिवार गेले. तुम्ही उलट्या बादलीवर बसून नुसते ऐकत होतात. तिसऱ्या शनिवारी म्हणालात, "पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकत मरतं. हे कापल्यासारखं बंद होतंय, आणि दर वेळी तेवढ्याच वेळाने. हे कोणीतरी बंद करतंय."

ट्रकच्या कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी कुलूप! मूळ गाडीकडून ओळख पटल्याचा इशारा आला नाही की ते इंजेक्टर बंद करतं. हे मला माहीत असायला हवं होतं. त्या रात्री लॅपटॉप जोडून ते काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू झालं ते चालूच राहिलं. इंजेक्शनची गाडी तुम्ही कधी उघडली नव्हती. चाळीस वर्षं टूलरूममध्ये यंत्रांचे आवाज ऐकलेल्या कानांनी ते ओळखलं.

तुम्ही त्या सकाळी एक गोष्ट सांगितली होती. तुम्हाला कानस धरायला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद तरुणपणी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. तिथे 1928 पासून शेवरोले गाड्या जोडल्या जात. मला तोवर फक्त तळेगावचा कारखाना माहीत होता. उस्तादांच्या हातून तुमच्या हातात आणि तिथून या गाडीत काहीतरी आलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

दसऱ्याला तुम्ही वर्कबेंचवर व्हर्निअर, पाने आणि दोन कानशी मांडल्यात. ऑक्टोबरात इथे दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या असतात, त्यातली एक काकूंनी आणली. बॉनेटवर कुंकू लावलं. पाच-सहा दिवसांनी तुमचं विमान होतं. एक्झॉस्ट अजून लागला नव्हता, त्यामुळे गाडी रस्त्यावर आली नव्हती, आणि तुम्ही तिच्यात न बसता गेलात. याची खंत मला अजून आहे.

काकूंचेही आभार. रोज दुपारी थालीपीठ नाहीतर डबा पाठवायच्या, आणि तुमचे गुडघे दुखत असताना तुम्हाला अडवलं नाही. लेकीचेही. तिचं म्हणणं की मागच्या खेपेला बाबा दुपारी खिडकीशी बसून असायचे आणि दुसऱ्या महिन्यातच परतीची भाषा सुरू झाली होती.

मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. 16 ऑगस्ट 2025 ला आम्ही डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर गेलो. 1995 पासून ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते. याच रस्त्याच्या एका मैलावर 1909 मध्ये काँक्रीट घातलं गेलं होतं. गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने जात होती, ऊन होतं, पण तापमानाचा काटा हलला नाही. सिलिंडर हेडमधली वाफ रेडिएटरला नेणारी बारीक नळी सगळ्यात उंचावरून न्यायला तुम्ही लावलीत, त्याचा हा गुण. पुढची सीट एक रिकामी ठेवली होती. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं, आजोबांची आहे.

पुढच्या उन्हाळ्यात या. तिकिटाचं मी लेकीशी बोललोय, तुम्ही त्यात पडू नका.

आणि हो, 500 मैलांनंतर प्लेटचे बोल्ट पुन्हा तपास म्हणाला होतात. गेल्या रविवारी टॉर्क पाना लावला. उजवीकडचा मागचा एक पाव फेरा फिरला. बाकीचे सात जागचे हलले नाहीत.

तुमचा,
चार घरं सोडून राहणारा